कुणालाच म्हणजे कुणालाच

सगुणे, तुला मातीत ठेवून आज नऊ दिवस झाले, आणि मी अजून तुझ्यावर रागावलेली आहे. गेलेल्या माणसावर रागवू नये, असं सगळे सांगतात. पण तू मला ओळखतेस. जिवंत माणसांवर रागावण्यात मी फारसा वेळ घालवला नाही, त्यांची टवाळी करण्यात घालवला. राग मी तुझ्यासाठीच राखून ठेवला होता. आणि आपलं भांडण अर्धं टाकून तू निघून गेलीस. भांडण अर्धं टाकायची तुझी जुनीच खोड. समोरचा तावातावानं बोलत असायचा आणि तू तांदळातले खडे वेचायला घ्यायचीस.

लोक भेटायला येतात. तुझ्याकडं जाऊन झालं की माझ्याकडं येतात, जणू अर्धी मयत माझ्याही घरात झाली आहे. म्हणतात, "सगुणाबाई फार विश्वासू होत्या हो. आयुष्यभर प्रभूला धरून राहिल्या." मी मान डोलावते. चहा देते. आणि मनात म्हणते, प्रभूला धरून राहिली ते खरं, पण तिनं आणखी कुणाला धरून ठेवलं होतं आणि त्यापायी काय सोडलं, हे तुम्हाला कुठं माहीत आहे?

तुझी-माझी ओळख झाली तेव्हा मी वीस वर्षांची होते आणि स्वतःला भलतीच हुशार समजत होते. नगरकडच्या मिशनच्या वसतिगृहात सात यत्ता शिकलेली, हार्मोनियमवर अडीच गाणी वाजवू शकणारी. अडीच म्हणते, कारण तिसऱ्याचं कडवं मला कधी जमलं नाही आणि मी ते नुसतं मोठ्यानं गाऊन झाकायची. लग्न होऊन पिंपरीला आले तर पिंपरी म्हणजे काय, एका अंगाला निर्वासितांची छावणी, दुसऱ्या अंगाला ज्वारीची शेतं, मधून मुंबईला जाणारा रस्ता आणि नुकताच धूर सोडायला लागलेला औषधांचा कारखाना. आमचे हे त्या कारखान्यात बॉयलरवर. मामंजी खडकीला दारूगोळ्याच्या कारखान्यात कारकून आणि आपल्या चर्चच्या मंडळीत पंच. पहिल्या कामाचा त्यांना पगार मिळायचा, दुसऱ्याचा रुबाब.

आपली ख्रिस्ती घरं तेव्हा पंधरा-सोळा. देऊळ बांधलेलं नव्हतं. चिंचवड स्टेशनजवळच्या लाकडाच्या वखारीची मागची खोली भाड्यानं घेतली होती. पाळकसाहेबांची प्रार्थना रंगात आली की भुसा उडायचा आणि पहिल्या रांगेतल्या बायका शिंकायच्या. पहिल्याच रविवारी मला हसू आवरेना म्हणून मी पदर तोंडात कोंबला, आणि शेजारून एक बाई अगदी शांतपणे म्हणाली, "खोकल्यासारखं कर. हसणं खोकल्यात खपतं." ती तू. मला वाटलं होतं, चला, माझ्यासारखीच एक भेटली. किती चुकले होते मी.

तू कारखान्यात कुप्या तपासायचीस. दिव्यासमोर कुपी धरायची, उलटी करायची, आत काही तरंगताना दिसलं तर बाजूला काढायची. दिवसभर हेच. तुझी नजर माणसांवरही तशीच पडायची. सुरुवातीला मला भीती वाटायची, ही आता मलाही उलटी करून बघणार. पण तू मला कधी बाजूला काढलं नाहीस. तेव्हाच काढायला हवं होतंस.

तुझे बाबा, यशवंत मास्तर, यांनी सबंध आयुष्य नगर जिल्ह्यातल्या खेड्यांत शाळा चालवण्यात आणि शुभवर्तमान सांगण्यात घालवलं. आई तुझी लहानपणीच गेलेली. मास्तरांची छाती अधू झाली तेव्हा तू त्यांना इकडं आणलंस आणि तळेगावच्या दवाखान्यात ठेवलंस. दर रविवारी उपासना झाली की डबा घेऊन तू पॅसेंजरनं तळेगावला जायचीस. मीही दोन-चारदा आले होते. मास्तर खाटेवर बसून इतर रोग्यांची पत्रं लिहून द्यायचे. मला म्हणायचे, "रत्नमाला, आमच्या सगुणेला जरा हसायला शिकव. मी तिला फक्त खरं बोलायला शिकवलं, बाकीचं राहून गेलं."

आणि मग ती जत्रा.

हे मी तुझ्यासाठी सांगत नाही, तुला सगळं ठाऊक आहे. पण इतकी वर्षं आपण दोघींनी ते तोंडातून काढलं नाही, तर आता एकदा पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणू दे मला.

आमच्याकडं दूध घालायला हिराबाई यायची, नदीपलीकडच्या मळ्यातली. ती म्हणाली, "आमच्या गावची जत्रा हाय. ह्या साली पाळणा आलाय, लई उंच. चल की गं. देव काय गिळतोय व्हय तुला?" मला देवाशी काही देणंघेणं नव्हतं. मला पाळणा हवा होता. आता कळतं, मामंजींच्या घरात जत्रेचं नाव काढणं म्हणजे काय होतं ते. त्यांच्या वडिलांनी गावदेव सोडून ख्रिस्त धरला तेव्हा गावानं त्यांची विहीर बंद केली होती, घर सोडायला लावलं होतं. इतकं सोसून जे धरलं, त्याच्याशी इमान राखणं हीच त्या माणसांची इस्टेट होती. पण वीस वर्षांच्या रत्नमालेला इस्टेट कळत नव्हती, पाळणा कळत होता.

तो रविवार होता. घरातले सगळे सकाळची उपासना बुडवून खडकीला लग्नाला गेले. मी पोट धरून मागं राहिले. पोट दुखण्याचं सोंग मला फार छान यायचं, वसतिगृहात त्याच्यावर सुट्ट्या मिळवल्या होत्या. पण माझ्या साड्या धुवायला सासूबाई काढायच्या, आणि त्यांचं नाक असं की शेजारच्या घरातल्या फोडणीत काय पडलं ते सांगायच्या. जत्रेची धूळ आणि भज्यांचं तेल त्यांना लगेच कळलं असतं. म्हणून मी तुझ्याकडं आले. तुझी जांभळी साडी मागितली, पिवळ्या काठाची, तुला कारखान्यात काम लागलं तेव्हा मास्तरांनी घेऊन दिलेली. तशी साडी सगळ्या मंडळीत दुसऱ्या कुणाकडं नव्हती. लपूनछपून जायचं आणि नेसायची ती साडी, ही माझी अक्कल.

तू विचारलंस, कुठं निघालीस. मी सांगितलं. तू म्हणालीस, जाऊ नकोस. मी म्हटलं, जाणार. मग तू आत गेलीस आणि साडी आणून दिलीस. "मळवू नकोस," एवढंच म्हणालीस. त्या रविवारी तुला कसकस होती, तळेगावलाही जाणार नव्हतीस. दिवसभर घरात एकटी पडून होतीस, हे मला पुढं फार महत्त्वाचं वाटायला लागलं. तू घरी होतीस हे सांगणारं कुणीच नव्हतं.

पाळण्यात मी बसले. सगुणे, त्याच्याबद्दल खोटं नाही बोलणार, फार मजा आली. वर गेलं की नदी दिसायची, कारखान्याची चिमणी दिसायची, पूल दिसायचा. मी तोंडावर पदर घेतला होता. तोंड झाकलं की आपण दिसेनासे होतो, अशी माझी पक्की समजूत. पंचक्रोशीतल्या सगळ्यात उंच जागी, जांभळी-पिवळी पताका होऊन, मी लपून बसले होते. खाली उतरल्यावर हिराबाईनं हातावर प्रसादाचं खोबरं-गूळ ठेवला, तोही खाल्ला. ते कुणी पाहिलं नाही. पाळणा मात्र मामंजींनी पाहिला. संध्याकाळच्या उपासनेसाठी खोली उघडायला ते लग्नातून लवकर निघाले होते, सायकलवरून पुलावर आले, आणि वर बघितलं.

मला हे काहीच माहीत नव्हतं. मी दिवस मावळायच्या आत तुझ्या दारात हजर. साडी घडी करून तुझ्या हातात दिली. विचारलं, सांगणार नाहीस ना? तू म्हणालीस, मी कशाला सांगू. पण मला तेवढ्यानं समाधान होईना. तुझा हात धरून मी म्हटलं, "कुणालाच सांगू नकोस. शपथ घे."

"शपथ घेत नाही आपण," तू म्हणालीस. "नाही सांगणार कुणालाच. झालं?"

माझं झालं. मी उड्या मारत घरी गेले.

चार दिवसांनी आमच्याच ओसरीवर पंच बसले. चहा मी केला होता. आलं घालून, चांगला उकळून, कारण पाळकसाहेबांना तसा आवडायचा. तुला बोलावणं गेलं ते मला तू दारात उभी राहिलीस तेव्हा कळलं. मामंजी म्हणाले, जत्रेतल्या पाळण्यात जांभळी साडी मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली. पाळकसाहेबांनी तुला विचारलं, बेटा, ती साडी तुझी का? तू म्हणालीस, "साडी माझी आहे." मग त्यांनी विचारलं, तू गेली होतीस का?

"साडी माझी आहे," तू पुन्हा म्हणालीस. "बाकीचं मला विचारू नका."

तेव्हा मी ट्रे घेऊन उंबऱ्यात उभी होते. सगळ्यांना चहा दिला. तुलाही पुढं केला. तू माझ्याकडं बघितलं नाहीस, कपाकडंही नाही. मी ट्रे घेऊन आत गेले आणि चुलीपुढं बसले. तुझं मौन म्हणजे कबुली असं त्यांनी धरलं, धरणारच. सहा महिने प्रभुभोजन बंद, म्हणजे उपासनेतली भाकर आणि प्याला बंद. सहा महिन्यांनी मंडळीपुढं उभं राहून पश्चात्ताप सांगायचा, मग पुन्हा घ्यायचं. मी आत ऐकत होते. मनात म्हटलं, सहा महिनेच तर आहेत. ही अक्कल मी फार वर्षं विसरू शकले नाही. सहा महिनेच तर आहेत.

तुला वाटेल, रत्नी आता छाती पिटणार. नाही पिटत. मी फक्त माझ्या त्या वेळच्या कारणांची यादी देते, म्हणजे तुलाही हसू येईल. मी नवी नवरी होते. मामंजी पंच, त्यांच्याच सुनेनं हे केलं म्हटल्यावर त्यांचं पंचपद गेलं असतं. ह्यांना कारखान्यात हसले असते. सासूबाईंनी मला नगरला परत धाडलं असतं. पुढच्या महिन्यात सांगू. लेंटचे, उपासाचे दिवस झाले की सांगू. मामंजींचं पित्त शांत झालं की सांगू. मामंजींचं पित्त त्यानंतर एकोणीस वर्षं शांत झालं नाही.

सगळ्यांना वाटलं होतं, तू आता खडकीच्या देवळात जाशील. तिथं तुझ्या ओळखीची माणसं होती, कुणी काही विचारलं नसतं. तू नाही गेलीस. शनिवारी केरसुणी घेऊन वखारीच्या खोलीत हजर. पाळकसाहेबांच्या बाईंनी भीत भीत म्हटलं, तुझं तर बंद आहे ना गं? तू म्हणालीस, "भोजन बंद झालंय. झाडू कुठं बंद झालाय?" आणि भुसा झाडायला लागलीस.

पण एक काम तुझ्याकडून काढून घेतलं. प्रभुभोजनाच्या प्याल्यासाठी मनुका उकळून रस करायचा, तो तू करायचीस. मामंजी म्हणाले, जिचं भोजन बंद तिच्या हातचं कसं चालेल. आणि ते काम कुणाला दिलं? घरातल्या शुद्ध, आज्ञाधारक सुनेला. पहिल्या वेळी मी अर्ध्या मनुका खाऊन टाकल्या आणि रस पाण्यासारखा झाला. दुसऱ्या वेळी करपवला. तिसऱ्या वेळी तू मागच्या दारानं आलीस, काही न बोलता पातेलं उतरवलंस, फडक्यातून पिळून दाखवलंस. किती वेळ भिजवायच्या, किती आच द्यायची. आणि आलीस तशी गेलीस. त्या रविवारी ताट माझ्यापुढं आलं, मी तुकडा घेतला, प्याला घेतला. तू शेवटच्या रांगेत बसून होतीस. ताट तुझ्यावरून पुढं गेलं तेव्हा तू ते दोन्ही हातांनी धरून शेजारणीकडं दिलंस, सांडू नये म्हणून.

चौथ्या महिन्यात मास्तरांचं बरंच खालावलं. आता हे मला लिहायचं नाही आहे. पण इथवर आले.

पाळकसाहेब म्हणाले, मास्तरांना तिथंच प्रभुभोजन देऊ. पाळकसाहेब, मामंजी, तू आणि मी अशी चौघं सकाळच्या पॅसेंजरनं निघालो. रसाची बाटली माझ्या मांडीवर. तुझ्या मांडीवर मास्तरांची धुतलेली बंडी. अख्ख्या वाटेत तू मला एवढंच विचारलंस, झाकण घट्ट लावलंयस ना.

खिडकीशी खाट होती. मास्तर उशीला टेकून बसले होते, दाढी केलेली, पाहुणे येणार म्हणून. वचनं वाचली, प्रार्थना झाली. पाळकसाहेबांनी भाकरीचा तुकडा मास्तरांच्या तळहातावर ठेवला. मग मामंजींना दिला. मग मला दिला. तू माझ्या शेजारी उभी होतीस. तुझ्यापुढून त्यांचा हात मागं गेला आणि त्यांनी स्वतःचा तुकडा घेतला.

मास्तरांनी तुकडा तोंडात घातला नव्हता. ते बघत होते. म्हणाले, "सगुणा राहिली."

मग मामंजींनी खाली बघत सांगितलं, "मास्तर, तिचं बंद आहे. जत्रेला गेली होती."

त्यांना तोवर कुणीच कळवलं नव्हतं. मास्तरांनी तुझ्याकडं बघितलं. ती नजर रागाची असती तर मी आज इतकी म्हातारी झाले नसते. रागाची नव्हती. ते तुझ्या तोंडून काहीतरी ऐकायची वाट बघत होते. तू पुढं झालीस, त्यांचा तळहात खालून धरलास, आणि म्हणालीस, "तुम्ही घ्या, बाबा." मग त्यांनी घेतलं.

माझा तुकडा माझ्या तोंडात होता. बोलायचं तर तो आधी गिळायला हवा होता, नाहीतर बाहेर काढायला हवा होता. मी तो चावत राहिले. मिऱ्याएवढा तुकडा, पण संपेना. संपला तेव्हा पाळकसाहेब आशीर्वाद देत होते.

तू दवाखान्यातच राहिलीस. तिसऱ्या दिवशी मास्तर गेले.

सहा महिने भरल्यावर तुला उभं केलं. पश्चात्ताप सांग म्हणाले. तू म्हणालीस, माझ्यामुळं मंडळीला दुःख झालं याचं मला वाईट वाटतं. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. मामंजी जरा कुरकुरले, पण पाळकसाहेबांनी तुला ताट दिलं. पुढं तुझं लग्न झालं, मुलगा झाला, वखारीच्या खोलीचं दगडी देऊळ झालं, त्यात आपण बुटक्या-जाड्या होत गेलो. तुझं काही वाटोळं झालं नाही. गोष्टीत होतं तसं काहीच झालं नाही. फक्त एक माणूस तळेगावला काहीतरी मनात घेऊन गेला, आणि ते काय होतं, हे मला माहीत नव्हतं. त्या तीन दिवसांत तू त्यांना सांगितलंस का? मला वाटायचं, सांगितलंच असेल. मरणाऱ्या बापाला कोण सांगणार नाही? या एका 'असेल'वर मी साठ-पासष्ट वर्षं झोपले. विचारायची हिंमत मात्र झाली नाही.

त्याऐवजी मी भांडायची. तुझं गप्प राहणं हे इमान नव्हे, हट्ट आहे, म्हणायची. देवाशी इमान मोठं की मैत्रिणीशी, असं तुला कोंडीत पकडायची. तू म्हणायचीस, "दोन-दोन इमानं असतात होय? मला एकच मिळालंय. तेच सगळीकडं वापरते." मग मी चिडून म्हणायची की तुझ्या चांगुलपणानं मला जन्माची चोर करून ठेवलं. आणि तू तांदूळ निवडायला घ्यायचीस. एकदा तर महिला मंडळात मी 'निष्ठा' या विषयावर पाऊण तास बोलले. खरंच बोलले, सगुणे. विषय मीच निवडला होता. तू पहिल्या बाकावर. संपल्यावर म्हणालीस, छान झालं, जरा लांबलं.

मामंजींचं शेवटचं आजारपण मी काढलं. ते म्हणायचे, सगुणा गुणाची पोर, एकदाच घसरली. मी त्यांचे पाय दाबत असायची. नुसती जरा जोरात दाबायची.

आता पंधरवड्यापूर्वीची गोष्ट. वाकडला तुझ्या मुलाकडं, अकराव्या मजल्यावर, तू पलंगावर आणि मी खुर्चीत. दुपारची वेळ. तुझा आवाज बारीक झाला होता पण डोकं शाबूत होतं. मला दिसत होतं की आता फार दिवस नाहीत. मी खुर्ची जवळ ओढली आणि विचारलं, मास्तरांना तू सांगितलं होतंस ना?

"काय?"

"पाळण्यात मी होते ते."

तू छताकडं बघत म्हणालीस, "नाही."

"अगं, बाबांनासुद्धा नाही?"

"तू कुणालाच म्हणाली होतीस."

"अगं, मी आपलं तसं बोलले. माणूस बोलतो."

"मी तसंच ऐकलं," तू म्हणालीस.

मी विचारलं, त्यांनी काही विचारलं नाही का तुला? विचारलं, तू म्हणालीस. दोनदा. मग तू काय म्हणालीस? तू सांगितलंस, मी म्हटलं, बाबा, माझ्यावर विश्वास ठेवा. मी विचारलं, ठेवला का? तू पांघरुणाचा काठ सारखा केलास. मग म्हणालीस, "माहीत नाही गं. त्यांना झोप लागली."

मी रडायला लागले. ऐंशी पार केलेली बाई, नाकातून पाणी, पदर सापडेना. तू माझा हात थोपटत होतीस. मरायला टेकलेली तू, आणि थोपटत होतीस मला. मी म्हटलं, एवढं कशाला केलंस, कशासाठी? तेव्हा तू जे बोललीस त्यावर मी रागावले आहे, सगुणे. तू म्हणालीस, "शब्द मी दिला होता, रत्ने. तू थोडाच कुणाला दिला होतास? तू कधीही बोलू शकली असतीस. मला दर रविवारी वाटायचं, आज बोलेल. मग तसं वाटायचं थांबलं. बरंच झालं, तुझी भाषणं शांतपणे ऐकता यायला लागली."

आणि हसलीस. खोकल्यासारखं केलंस, पण हसलीसच.

मी नाक पुसलं. म्हटलं, पुढच्या गुरुवारी येते, तेव्हा बघते तुझ्याकडं. गुरुवारच्या आधी तू गेलीस.

परवा रविवारी तुझ्यासाठी उपासना झाली. तुझा मुलगा येऊन म्हणाला, रत्नामावशी, आईच्या सगळ्यात जुन्या तुम्हीच, तुम्ही बोला. मी काठी टेकत पुढं गेले. नातीनं माईक खाली करून दिला. मी म्हटलं, सगुणेचं प्रभुभोजन एकदा सहा महिने बंद झालं होतं, जत्रेतल्या पाळण्यात बसली म्हणून. ती बसली नव्हती. तिची साडी नेसून मी बसले होते.

आणि देऊळ हसलं.

प्रेमानं हसलं, वाईट हसलं नाही. मागं कुणीतरी टाळीसुद्धा वाजवली. माझी नात ओठ चावून हसत होती. आजीनं पाळण्यात बसून मजा केली, यात चूक काय, हे त्या पोरांना कळेना. त्यांचा दोष नाही. चाळीस वर्षं मी त्या देवळात तोंड उघडलं की लोकांना हसवत आले. त्यांना ती सवय मीच लावली. माझी कबुली माझ्याच गमतीजमतींत जाऊन पडली.

मी थांबले. शेवटचं हसणं विरेपर्यंत थांबले. मग तळेगावचं सांगितलं. खिडकी, खाट, तळहातावरचा तुकडा, "सगुणा राहिली." सगळं. देवळात पंखे तेवढे फिरत होते. तुझ्या मुलाला यातलं काही ठाऊक नव्हतं, तू त्यालाही सांगितलं नव्हतंस, त्याच्या बापालाही नाही. तो उठून पुढं आला. मला वाटलं, आता चार शब्द ऐकवील, आणि मला ते हवे होते. त्यानं माझा दंड धरला आणि मला जागेवर आणून बसवलं. त्याचं नाक मास्तरांचं आहे.

नंतर पाळकसाहेब माझ्याजवळ येऊन बसले. आताचे पाळकसाहेब म्हणजे माझ्या नातवाच्या वयाचे. म्हणाले, आजी, प्रभूनं तुम्हाला केव्हाच क्षमा केली आहे. मी म्हटलं, केली असेल, त्याला सगळं माहीत होतं. मास्तरांना माहीत नव्हतं. मुलगा चांगला आहे, सुचलं नाही तर गप्प बसतो.

तेव्हापासून मला एकच गोष्ट टोचते आहे. आपण मानतो त्याप्रमाणे तू आता तिथं पोचली असशील. मास्तर भेटले असतील. इतक्या वर्षांनी लेक आली म्हणून त्यांनी तुला जवळ बसवलं असेल. आणि मला तुझा स्वभाव माहीत आहे. त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं, तरी तू 'माझ्यावर विश्वास ठेवा' म्हणशील आणि गप्प बसशील, कारण मी तुला मोकळं केलेलंच नाही. त्या दुपारी तुझ्या उशाशी बसून मी रडले, भांडले, पण हे एक वाक्य बोलायचं मला सुचलं नाही.

देवळात सांगितलं ते लोकांसाठी होतं. हे तुझ्यासाठी लिहिते आहे. सगुणे, त्या संध्याकाळी तुझा हात धरून मी जो शब्द घेतला, तो परत घेते. तुझ्यावर आता माझं काही बंधन नाही. बाबांच्या जवळ बस आणि त्यांना सांग. रत्ना गेली होती, असं माझं नाव घेऊन सांग.